तीन तऱ्हेचे पीसी आणि एक डेटाबेस

प्रश्न थोडक्यात असा आहे: "उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सगळे मिळून दहा पीसी. सात विंडोजवर. स्टोअर आणि इन्स्पेक्शनचे दोन जुने पीसी विंडोज ओढेना म्हणून पोरानं उबुंटूवर टाकलेत. ड्रॉइंग आणि कॅटलॉग करणाऱ्या मुलीकडे मॅक. चलनं, जॉबवर्क, गिऱ्हाइकांची यादी हे सगळं अ‍ॅक्सेसच्या एका फाइलमध्ये, शेअर केलेल्या फोल्डरात. मॅकवर आणि उबुंटूवर ती उघडत नाही, म्हणून तिथली माणसं कागदावर लिहून आणून देतात. ओपन सोर्स डेटाबेस घ्यावा म्हणतोय. तिन्हींवर चालेल का? आणि मराठी नावं नीट येतील ना?"

चालेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तुम्ही जाता जाता शेवटी जे विचारलंत, तिथं खरं काम आहे. गेली वीसेक वर्षं मी बेळगावात टिळकवाडीत बसून हेच करतोय. खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजपर्यंत लोकांचे डेटाबेस लावून दिलेत. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी म्हणून डेटाबेस चाललाच नाही, असं एकदाही झालेलं नाही. अडलं ते दरवेळी अक्षरांपाशी, नाहीतर एका मशीनवरची फाइल उचलून दुसऱ्यावर ठेवताना.

आधी कुठला घ्यायचा ते सांगतो. तुमच्या कामाला पोस्टग्रेस. 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात हा प्रकल्प सुरू झाला, 1996 पासून पोस्टग्रेसएसक्यूएल या आताच्या नावानं चालतो, आणि त्याचं लायसन्स इतकं मोकळं आहे की धंद्यात वापरायला कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून तो विंडोजवरही मूळचा असल्यासारखा चालतो; त्याआधी विंडोजवर त्याला आडमार्गानं चालवावं लागायचं. मायएसक्यूएल आणि 2009 मध्ये त्यातून फुटून निघालेला मारियाडीबी हेही चांगलेच आहेत. पण तुमच्यासारख्या मिसळीच्या ऑफिसात त्यांची एक खोड नडते. टेबलच्या नावात मोठं अक्षर की छोटं, याचा नियम लिनक्सवर (तुमचं उबुंटू म्हणजे लिनक्सच) वेगळा, विंडोजवर वेगळा, मॅकवर तिसराच. लिनक्सवर मोठ्या 'सी'चं चलन आणि छोट्या 'सी'चं चलन ही दोन निरनिराळी टेबलं. विंडोजवर दोन्ही एकच. एका हुशार मुलानं स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर सहा महिने खपून सॉफ्टवेअर लिहिलं, लिनक्स सर्व्हरवर चढवलं, आणि पहिल्याच क्लिकला 'असं टेबलच नाही'. तशी सेटिंग असते, पण मायएसक्यूएल 8.0 पासून ती डेटाबेस पहिल्यांदा मांडतानाच ठरवावी लागते, मागाहून बदलता येत नाही. पोस्टग्रेस सगळीकडे नावं छोटी करून घेतो, विंडोज असो की मॅक. फक्त नावांना दुहेरी अवतरणात घालू नका, घातलीत की मोठी-छोटी अक्षरं तशीच राहतात. अ‍ॅक्सेसमधून टेबलं ओढून आणणारी काही साधनं हा उद्योग परस्पर करून ठेवतात, आणि मग जन्मभर प्रत्येक क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, अवतरणं टाकत बसावं लागतं.

एसक्यूलाइट कुणी सुचवेल, म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत. तो उत्तम आहे, फाइल तिन्हीकडे जशीच्या तशी उघडते. पण ती फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात ठेवून दहा जणांनी लिहायला लागलात, की आज जे दुखणं आहे तेच पुन्हा मागे लागेल. फाइल-लॉकिंगवर, म्हणजे एक जण लिहीत असताना बाकीच्यांना थोपवण्यावर, नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही.

आता मांडणी. दहा पीसींवर डेटाबेस बसवायचा नाही. एकावर बसवायचा, बाकी नऊ जण फक्त त्याच्याशी बोलणार. तो एक पीसी माझ्या मते उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर किंवा डेबियनवर ठेवा, त्याला मॉनिटरसुद्धा लागत नाही. विंडोजवरही चालतो, मी लावून दिलेत. तिथं तीन गोष्टी बघायच्या. अँटिव्हायरसला डेटाच्या फोल्डरात नाक खुपसू द्यायचं नाही. फायरवॉलमध्ये 5432 हा पोर्ट मोकळा करायचा, आणि नेटवर्क 'पब्लिक' नाही ना ते बघायचं. आणि पीसीला झोपू द्यायचं नाही. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. एका ठिकाणी रोज दुपारी एक ते अडीच सगळ्यांचं सॉफ्टवेअर अडकायचं. केबल बदलल्या, स्विच बदलला. सर्व्हर मालकांच्या टेबलावरच्या पीसीवर होता. मालक जेवायला घरी गेले की वीस मिनिटांत पीसीही वामकुक्षी घ्यायचा.

बसवल्यावर पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. बाहेरच्यांना आत घ्यायला दोन फाइलींत हात घालावा लागतो: एकीत कुठल्या पत्त्यांवर कान द्यायचा ते, आणि पीजी-एचबीए नावाच्या दुसरीत कुठल्या पीसींना, कुठल्या नावानं, कुठल्या पद्धतीनं आत सोडायचं ते. दुसरीत फक्त तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कची रेंज लिहा. 'सगळ्यांना पासवर्डशिवाय' असा सल्ला देणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

विंडोजच्या सात पीसींवरून एक्सेल-अ‍ॅक्सेसला जोडायला ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे त्यांना पोस्टग्रेसशी बोलता करणारा दुवा, लागेल. दोन ठिकाणी हमखास चुकतं. ऑफिस 32 बिटचं असेल तर ड्रायव्हरही 32 बिटचाच हवा, विंडोज 64 बिटचं असलं तरी. आणि तो ड्रायव्हर दोन नावांनी दिसतो, एक 'आन्सी', एक 'युनिकोड' (यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो). यादीत आन्सी वर असतो, त्यामुळे माणूस तोच निवडतो, आणि मग सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतात. युनिकोड निवडा. आणखी एक: आवृत्ती 14 पासून पासवर्ड तपासायची पद्धत बदलली आहे, जुन्या सीडीतले ड्रायव्हर तिथं नापास होतात. नवे उतरवून घ्या. उबुंटूवर लिबरऑफिस बेस थेट जोडता येतं. डीबीव्हर (डेटाबेसमधली टेबलं उघडून बघायचा प्रोग्रॅम) तिन्हींवर सारखाच दिसतो, म्हणून शिकवायला मला तोच बरा वाटतो. अ‍ॅक्सेसच्या तुमच्या फॉर्मांना लगेच रामराम ठोकू नका. टेबलं पोस्टग्रेसमध्ये आणि फॉर्म अ‍ॅक्सेसमध्ये अशी सोबत वर्षभर छान चालते. टॅली असेल तर टॅलीच्या जागी राहू दे.

आता मराठी.

तुमच्या जुन्या फाइलमध्ये मराठी नावं कशी टाइप केलीत, हे आधी बघा. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत असतील तर ती मराठी नाहीच. ती इंग्रजी अक्षरं आणि खुणा आहेत, फॉन्टनं त्यांना देवनागरीचं सोंग दिलंय. फॉन्ट काढला की 'पाटील'च्या जागी भलतंच काही दिसतं. मॅकवर आणि उबुंटूवर तो फॉन्ट नसेल, त्यामुळे तिथं पहिल्या दिवशीच बोंब होणार. कन्नडच्या जुन्या मजकुराचंही तेच. परीक्षा सोपी आहे: एक नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीच दिसलं तर युनिकोड. नाहीतर कन्व्हर्टरमधून काढावं लागेल, आणि काढल्यावर डोळ्यांनी तपासावं लागेल, कारण रफार आणि पहिली वेलांटी हे कन्व्हर्टर सर्रास इकडचं तिकडे करतात. दोन हजार नावं असतील तर दोघांना बसवून आठवडाभर. याला तोड नाही.

युनिकोड झालं म्हणजे सुटलो, असं मलाही एके काळी वाटायचं. खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेतून फोन आला: "सर, कुऱ्हाडे मिळंना झालाय बगा. समोर पासबुक आहे, नाव दिसतंय, आणि शोधलं की नाही म्हणतंय." गेलो. स्क्रीनवर एकाखाली एक दोन नावं होती, कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. डोळ्यांना फरक शून्य. डेटाबेसला दोघांची लांबी विचारली. पहिल्याची 8, दुसऱ्याची 9.

कारण सांगतो, ते आपल्याच भाषेचं दुखणं आहे. तो जो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आपण मराठीत लिहितो, तो युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी वाट: साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. एका क्लार्कच्या पीसीवरचा कीबोर्ड पहिल्या वाटेनं जायचा, दुसरीच्या पीसीवरचा दुसऱ्या. पोस्टग्रेस सारखेपणा बाइट मोजून ठरवतो, आणि यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. पहिलं नाव 24 बाइट, दुसरं 27. म्हणजे त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. संस्थेनं त्या माणसाचं दुसरं खातंही उघडून टाकलं होतं.

मॅकनं यात तिसरी तऱ्हा आणलीय. मॅकवरच्या जुन्या फाइल-सिस्टिममध्ये फाइलच्या नावातला ऱ फोडून 'र आणि खाली नुक्ता' असा ठेवला जायचा. तुमची कॅटलॉगवाली मुलगी जुन्या मॅकवरची चित्रं घेऊन फाइलींच्या नावावरून डेटाबेसशी जुळवायला गेली, तर तेच होईल. हा तिसरा प्रकार पोस्टग्रेसच्या नॉर्मलाइझ फंक्शननं जागेवर येतो (आवृत्ती 13 पासून आहे). जोडचिन्हाचा प्रकार त्यानं सुटत नाही. त्यासाठी टेबलवर एक छोटा ट्रिगर लावा: नाव आत येतानाच 'र, हलन्त, जोडचिन्ह' दिसलं की तिथं 'ऱ, हलन्त' टाकायचं, मग नॉर्मलाइझ करायचं, मग पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा छाटायच्या. सरसकट सगळी जोडचिन्हं मात्र उडवू नका, काही ठिकाणी ती मुद्दाम दिलेली असतात. शोधताना टाइप केलेल्या नावालाही तीच गाळणी लावा. आपल्याकडे गोऱ्हे, तऱ्हाळ, कुऱ्हाडे अशी नावं कमी नाहीत. 'गिऱ्हाईक' या शब्दातही तोच र आहे, म्हणून तो कॉलमच्या शीर्षकात लिहायचा मोहही टाळा.

क्रम ही पुढची भानगड. साध्या बाइट-क्रमानं यादी लावली तर क्षीरसागर हे कौजलगीनंतर आणि खानापुरेच्या आधी येऊन बसतात, कारण संगणकाच्या हिशेबी क्ष म्हणजे क, हलन्त, ष. आपण वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर म्हणतो. छापील यादीत बोट फिरवत नाव शोधणारा जुना हेडक्लार्क क्षीरसागर शेवटीच शोधणार. शिवाय विंडोजचे क्रमाचे नियम वेगळे, लिनक्सचे वेगळे, त्यामुळे तीच यादी दोन सर्व्हरवर दोन तऱ्हांनी लागते. यावर उतारा आयसीयू नावाच्या लायब्ररीचा. पोस्टग्रेसमध्ये ती आवृत्ती 10 पासून, म्हणजे 2017 पासून आहे, आणि 15 पासून अख्ख्या डेटाबेसला तीच लावता येते. तिचे नियम ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसतात आणि मराठीचा क्रम तिच्यात तयार आहे. नवा डेटाबेस मांडताय तर पहिल्या दिवशीच लावून टाका.

हे नुसतं यादीच्या देखणेपणासाठी सांगत नाही. लिनक्समध्ये क्रमाचे नियम ज्या मूळ लायब्ररीत असतात, तिच्या 2018 च्या 2.28 आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणात बदलले. आधी 11 हे 1-1 च्या आधी यायचं, नंतर 1-1 आधी यायला लागलं. वाचायला किरकोळ वाटतं. पण इंडेक्स म्हणजे क्रमानं लावलेली यादीच. जुन्या क्रमानं लावलेल्या यादीत नव्या क्रमानं शोधलं तर असलेली गोष्ट सापडत नाही. माझ्याकडच्या एका वितरकाच्या सर्व्हरवर उबुंटू 18.04 चं 20.04 केलं, सगळं सुरळीत दिसलं, आणि आठवड्यानं एकाच नंबरची दोन चलनं निघाली. चलन-नंबरात डॅश होते. इंडेक्स पुन्हा बांधल्यावर थांबलं, पण दुहेरी झालेली चलनं हातानं निस्तरावी लागली, त्यात एक रविवार गेला. म्हणून सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की त्याच दिवशी रीइंडेक्स.

गावांची नावं वेगळ्या टेबलात ठेवा आणि पिनकोडशी जोडा. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, शिवाय इंग्रजीत 2014 च्या 1 नोव्हेंबरच्या आधीचं आणि नंतरचं स्पेलिंग; एका कॉलममध्ये एकाच गावाची पाच रूपं मी पाहिलीत. कन्नड बिलासाठी त्याच टेबलात कन्नड नावाचा आणखी एक कॉलम. यूटीएफ-8 मध्ये दोन्ही लिप्या सुखानं नांदतात. राज्याचा जीएसटी कोड मजकूर म्हणून ठेवा, आकडा म्हणून नको. आपल्याकडे 29, चंदगड-कोल्हापूरला 27, गोव्याला 30 म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीचा 07 आला की शून्य गळतं. फोनच्या 0831 चंही तसंच, एक्सेलमधून एक फेरी मारली की 831 होऊन परत येतो.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर: मॅकवर किंवा उबुंटूवर काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल) विंडोजच्या एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की मराठीचा चुराडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. डेटा मेनूतून 'टेक्स्ट किंवा सीएसव्ही'नं आणा आणि एन्कोडिंग 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडा. उलट, एक्सेलमधून यूटीएफ-8 म्हणून जतन केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला न दिसणारे 3 बाइट असतात. लिनक्सवर आयात करताना ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात आणि 'असा कॉलम नाही' म्हणून ओरड होते.

आता लाइटचं. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या हिशेबनीसाला विचारा, आधी कीर्द की आधी खतावणी? पोस्टग्रेस तेच करतो. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहून डिस्कवर पक्का करतो, मग सवडीनं खतावणीत, म्हणजे टेबलच्या फाइलींत मांडतो. मध्येच लाइट गेली तर परत चालू होताना कीर्द वाचून खतावणी पुरी करून घेतो. 'वेग वाढवा' म्हणून एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करून घेणारी सेटिंग) बंद करायला सांगणारे लेख सापडतील. एफसिंक बंद म्हणजे कीर्द पेन्सिलीनं लिहिणं. करू नका. सर्व्हरला आणि नेटवर्कच्या स्विचलाही यूपीएस द्या. स्विच सगळेच विसरतात.

घड्याळाबद्दल एकच किस्सा. एका पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं, दिवसा एक, रात्री एक. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेचं धरतं, लिनक्स जागतिक वेळेचं, फरक साडेपाच तासांचा. रात्रपाळीत 2 वाजता केलेलं चलन आदल्या दिवशीच्या साडेआठचं होऊन पडायचं, आणि महिनाअखेरीला हिशेब जुळायचा नाही. तारीख-वेळ पीसीकडून घेऊच नका, सर्व्हरकडून घ्या, टाइमझोनसकट.

बॅकअप आणि स्थलांतर यांचा नियम एकच: डेटाचं फोल्डर उचलून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवायचं नाही. ते चालत नाही. अख्खा डेटाबेस एका फाइलीत काढणारं पोस्टग्रेसचं साधन, पीजी-डंप, वापरायचा, कस्टम फॉरमॅटमध्ये. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये 'मोठं आहे'ची खूण (>) देऊन डंप फाइलीत वळवू नका, ती फाइल यूटीएफ-16 मध्ये पडते आणि लिनक्सवर वाचली जात नाही; मायनस एफ या पर्यायानं फाइलचं नाव द्या. दुसरीकडे रिकामा डेटाबेस आधी स्वतः बनवा, एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवून, आणि मग त्यात रिस्टोअर करा. डंपलाच डेटाबेस बनवायला सांगितलं तर विंडोजची भाषा-सेटिंगची नावं लिनक्सला कळत नाहीत आणि गाडी तिथंच अडते. पेनड्राइव्ह एफएटी-32 चा असेल तर 4 जीबीवरची फाइल त्यात बसत नाही, एक्सफॅट करून घ्या, तो तिन्हींवर चालतो. आणि महिन्यातून एकदा सर्व्हरचा डंप त्या मॅकवर रिस्टोअर करून बघा. गिऱ्हाईक किती, शेवटचं चलन कुठलं, कुऱ्हाडे सापडतो का. पंधरा मिनिटांचं काम आहे.

ज्या दिवशी नवा डेटाबेस सुरू कराल, त्या दिवशी जुन्या अ‍ॅक्सेस फाइलचं नाव बदलून तिला फक्त वाचण्यापुरती करून टाका आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपवरचे तिचे शॉर्टकट स्वतः जाऊन काढा. सांगून काढले जात नाहीत. एका ठिकाणी स्टोअरमधले काका सवयीनं जुन्याच फाइलीत चलनं करत होते. सतरा दिवसांनी कळलं, तेही त्यांच्या चलनाचा नंबर ऑफिसातल्या चलनाशी टक्कर खाल्ला म्हणून.